पेट्रोलचा काटा: जुन्या गाड्यांतले एक साधन आणि त्याची दुरुस्ती

टाकीत इंधन किती उरले आहे, हे चालकाला बसल्या जागी सांगणारे साधन दिसायला एका काट्याएवढे असले, तरी त्याचे भाग चार आहेत. टाकीच्या आत वरखाली होणारा फ्लोट आणि त्याला जोडलेले युनिट हा पहिला, डॅशबोर्डवरचे मीटर हा दुसरा, आणि या दोहोंमधली एकेरी तार हा तिसरा. चौथा भाग चटकन ध्यानात येत नाही, तो म्हणजे गाडीचा सांगाडा. बॅटरीतून निघालेला प्रवाह परत नेण्याचे काम गाडीचे पत्रेच करतात. गॅरेजात त्यालाच 'अर्थ' म्हणतात. जुन्या गाडीचा काटा बिघडला की दोष या चारांपैकी कुठे तरी असतो, आणि मीटरमध्ये तो सर्वांत कमी वेळा असतो. तरीही पुष्कळदा मीटरच आधी उघडले जाते, कारण खोटे बोलताना दिसते ते तेच.

या दुरुस्तीत खरी अडचण निराळीच आहे. काट्याच्या तीन-चार पिढ्या झाल्या आणि प्रत्येकीची चाल वेगळी. काटा 'भरलेली' या खुणेवर अडकून बसला असेल, तर एका पिढीत त्याचा अर्थ तार तुटली असा होतो आणि दुसऱ्या पिढीत तीच तार पत्र्याला टेकली असा. त्यामुळे समोरचे मीटर कोणत्या पिढीतले, हे ओळखल्याशिवाय हातात पाना घेण्यात अर्थ नसतो.

मोटारीच्या पहिल्या काही दशकांत बहुतेक गाड्यांना काटा नव्हताच. १९०८ ते १९२७ या काळात बनलेल्या फोर्डच्या बहुतेक मॉडेल टी गाड्यांची टाकी पुढच्या सीटखाली असे. सीट उचलायची, झाकण फिरवायचे, खुणा केलेली लाकडी पट्टी आत बुडवायची आणि ती कुठपर्यंत ओली झाली ते पाहायचे, एवढाच हिशेब. या गाडीला पेट्रोल ओढणारा पंप नव्हता. टाकी वर आणि कार्ब्युरेटर खाली, म्हणून पेट्रोल आपल्या वजनानेच उतरत येई. टाकी तळाला गेली असताना उभा चढ लागला की कार्ब्युरेटर टाकीच्या पातळीला येई आणि इंजिन उपाशी राहून बंद पडे. अशा वेळी गाडी फिरवून उलट्या गिअरमध्ये चढ चढवत. टाकीत किती आहे याला तेव्हा केवढे मोल होते, ते यावरून कळते.

मुंबई इलाख्यात अमेरिकन गाड्या मोठ्या संख्येने दिसू लागल्या त्या १९२०च्या दशकात. फोर्डने १९२६मध्ये भारतात आपली कंपनी काढली आणि जनरल मोटर्सने १९२८मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना सुरू केला. या गाड्या मुंबईबाहेर कशा मुलखात धावत, ते पाहायला सचिनचे उदाहरण घेऊ. मुंबईहून उत्तरेला गुजरातेत जाताना सुरतेच्या अलीकडे पंधराएक किलोमीटरवर ते लागते. आज ते सुरतेत सामावले आहे. तेव्हा ते एका संस्थानाचे मुख्य गाव होते. या संस्थानाचा उगम मराठी इतिहासातला आहे. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातल्या बाळू मियाँने १७९१मध्ये पेशव्यांशी करार केला, जंजिऱ्यावरचा हक्क सोडला आणि बदल्यात सुरतेजवळची गावे घेतली. जंजिरा पेशव्यांच्या हाती शेवटपर्यंत आला नाही, पण सचिनची नवाबी मात्र उभी राहिली. संस्थान पन्नास चौरस मैलांहूनही लहान, आणि त्यातली गावे विखुरलेली: मध्येच इंग्रजांचा सुरत जिल्हा, मध्येच गायकवाडांच्या बडोदे संस्थानाचा नवसारी प्रांत. समुद्रकाठचे डुमस हेही सचिनकडेच होते. चार-सहा कोसांत दोन-तीन राज्ये ओलांडायला लावणारा हा मुलूख होता.

अशा मुलखात पेट्रोल मिळे ते डब्यांतून. हातपंपाचे आणि पुढे विजेचे पंप गावोगाव येईपर्यंत पेट्रोलही रॉकेलसारखेच मापाच्या बंद डब्यांत विकले जाई आणि नरसाळ्यातून टाकीत ओतले जाई. काटा नसल्याची उणीव हा डबा बरीच भरून काढी. किती डबे ओतले आणि किती मैल झाले, हे शोफरच्या तोंडपाठ असे.

काटा आला तो आधी विजेशिवाय. १९२७च्या अखेरीस फोर्डने मॉडेल ए बाजारात आणली. तिची टाकी काचेच्या पुढे, डॅशबोर्डला लागूनच होती. टाकीतल्या फ्लोटला खुणांची चकती जोडलेली असे आणि ती डॅशबोर्डच्या खिडकीतून थेट दिसे. तार नाही, मीटर नाही, बिघडण्यासारखे फारसे काही नाही. पण पेट्रोलची टाकी चालकाच्या गुडघ्यांपाशी ठेवणे धोक्याचे होते. इंजिनावर पेट्रोलचा पंप बसू लागला तशी टाकी मागे, डिकीखाली गेली, आणि गाडीच्या मागच्या टोकाची खबर पुढच्या टोकाला पोचवायची कशी, हा प्रश्न उभा राहिला.

त्यावरचे पहिले उत्तर हवेच्या दाबाचे होते. टाकीच्या तळापासून डॅशबोर्डपर्यंत एक बारीक नळी नेलेली असे. टाकीत पेट्रोल जितके जास्त, तितका नळीतल्या हवेवर दाब जास्त, आणि तितका डॅशबोर्डवरच्या काचनळीतला लाल द्रव वर. १९३०च्या आसपासच्या कित्येक अमेरिकन गाड्यांत ही रचना आढळते. तिची दुखणीही हवेचीच. नळीला सुईएवढे छिद्र पडले किंवा सांधा ढिला झाला की द्रव हळूहळू खाली बसतो आणि भरलेली टाकीही रिकामी दिसते. या पिढीच्या गाडीवर टेस्ट लॅम्प घेऊन बसण्यात काही हशील नाही. नळी दोन्ही टोकांना सोडवून फुंकायची, सांधे घट्ट करायचे आणि योग्य घनतेचा द्रव मापाने भरायचा. दिसायला लाल म्हणून दुसरेच काही भरले, तर काटा कायमचा चुकीचे सांगतो.

दुसरे उत्तर विजेचे होते आणि ते टिकले. फ्लोटच्या दांडीला जोडलेली एक पत्ती बारीक तारेच्या वेटोळ्यावरून सरकते. पेट्रोलची पातळी बदलली की प्रवाहाला होणारा अवरोध बदलतो. मीटरमध्ये दोन कॉइल समोरासमोर बसवलेल्या असतात: एक काट्याला रिकाम्याकडे ओढते, दुसरी भरलेल्याकडे. टाकीतला अवरोध या ओढाताणीत कोण जिंकणार ते ठरवतो. या रचनेचा गुण असा की बॅटरी उतरली तर दोन्ही कॉइल सारख्याच दुबळ्या होतात आणि काट्याची जागा जवळपास तीच राहते. दोष असा की काटा फार चपळ. खड्ड्यात गाडी उसळली, पेट्रोल हिंदकळले, की काटाही नाचतो.

पुढच्या पिढीने ही चपळाई काढून टाकली. दोन वेगळ्या धातूंची एकत्र जोडलेली पट्टी घ्यायची आणि तिच्यावर गरम होणारी तार गुंडाळायची. प्रवाह वाढला की पट्टी तापते, वाकते आणि काटा सरकवते. तापायला आणि निवायला वेळ लागत असल्याने काटा सावकाश चढतो. खड्ड्यांचा त्याच्यावर परिणाम होत नाही. चावी फिरवल्यावर काटा उडी मारून जागेवर गेला तर तो दोन कॉइलचा, म्हणजे चुंबकी, आणि पाच-दहा सेकंद घेत हळूहळू वर आला तर तो उष्णतेचा. ओळखण्याची ही खूण मीटर न उघडता मिळते. मात्र उष्णतेच्या काट्याला बॅटरीचा चढउतार सोसत नाही. म्हणून १९६०नंतरच्या ब्रिटिश धाटणीच्या गाड्यांत त्याच्या जोडीला एक छोटी डबी आली, जी बॅटरीच्या बारा-चौदा व्होल्टचे सरासरी दहा व्होल्ट करून देते. इंजिनाच्या तापमानाचा काटाही याच डबीवर चालतो. त्यामुळे पेट्रोल आणि तापमान हे दोन्ही काटे एकदमच वेडेवाकडे दाखवू लागले, तर टाकीकडे जाण्याआधी या डबीकडे पाहायचे असते. बहुतेक वेळा डबी ज्या स्क्रूने बसवली आहे तो गंजलेला निघतो. तिला अर्थ मिळत नाही, ती काम थांबवते आणि काट्यांना पुरे बारा व्होल्ट जातात.

भारतात या साऱ्या पिढ्या एकाच वेळी रस्त्यावर राहिल्या आणि त्यातूनच इथल्या दुरुस्तीची खास कारागिरी घडली. महायुद्धात १९४१पासून पेट्रोलला रेशन लागले. कित्येक गाड्या मागे भट्टी जोडून कोळशाच्या गॅसवर धावू लागल्या आणि टाकीतले उरलेसुरले पेट्रोल थेंबाथेंबाने मोजले जाऊ लागले. स्वातंत्र्यानंतर धोरण बदलले. देशात सुटे भाग बनवण्याचा कार्यक्रम नसलेल्या परदेशी कंपन्यांना १९५३नंतर इथे जागा उरली नाही. जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघांनीही काम गुंडाळले. रस्त्यावर राहिल्या त्या वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्यातल्या प्रीमियरच्या फियाट, हिंदुस्थान मोटर्सच्या अँबॅसेडर आणि महिंद्रांच्या जीपगाड्या. शेवरोले, फोर्ड, मॉरिस यांच्या आधीच्या गाड्याही होत्याच, पण त्यांचे सुटे भाग परदेशातून येणे जवळपास थांबले.

नवे युनिट मिळत नाही म्हटल्यावर जुनेच बरे करावे लागे. टाकीतून युनिट काढायचे, जळलेली तार उलगडायची, तितक्याच जाडीची नायक्रोमची तार तितकेच वेढे मोजून पुन्हा गुंडाळायची. पितळी फ्लोटला भोक पडले असेल तर तो गरम पाण्यात दाबून धरायचा. जिथून बुडबुडे येतात तिथे खूण करायची, आत शिरलेले पेट्रोल पूर्ण सुकवायचे आणि मग डाग द्यायचा. डाग देताना कथिलाचा थर पातळ ठेवावा लागतो, कारण वजन वाढलेला फ्लोट खोल बुडतो आणि काटा कायम कमी दाखवतो. मुंबईत चोर बाजार आणि कुर्ल्याच्या भंगारबाजाराने या कामाला माल पुरवला. तिथून आणलेले मीटर आपल्या गाडीच्या युनिटशी जुळते का, हे पाहण्याची शिस्त मात्र सर्वांनीच पाळली असे नाही. आजही एखाद्या जुन्या गाडीत मीटर एका कंपनीचे आणि युनिट दुसरीचे सापडते. दोन्ही ठणठणीत, आणि काटा तरी चुकीचा. फोर्डच्या युनिटचा अवरोध रिकाम्या टाकीला ७३ ओहम आणि भरलेल्या टाकीला १०, तर जर्मन व्हीडीओच्या प्रचलित युनिटचा रिकाम्याला १० आणि भरलेल्याला १८०. पहिल्याच्या मीटरवर दुसरे युनिट लावले की गाडीत पेट्रोल भरताना काटा खाली उतरतो.

सगळ्यांचीच भिस्त काट्यावर होती असे मात्र नाही. सचिन संस्थान १९४८मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले आणि १ मे १९६०पर्यंत सुरत जिल्हा मुंबईच्याच कारभारात राहिला. या बारा वर्षांत इथे धावणारी सरकारी बस मुंबई राज्य मार्ग परिवहन महामंडळाची होती, जिची पहिली गाडी १ जून १९४८ला पुण्याहून अहमदनगरला गेली होती. एसटीने काट्यावर भरवसा ठेवला नाही. आगारात डिझेल मापून भरायचे, गाडीच्या खात्यावर चढवायचे आणि लिटरला किती किलोमीटर पडले ते काढायचे, ही एसटीची पद्धत. ट्रकवाल्यांनी काठी सोडली नाही. त्याला कारणही तसेच आहे. पेट्रोलची गाडी कोरडी पडली तर एक डबा ओतून पुन्हा चालू होते. डिझेलची टाकी संपली तर नळ्यांत हवा शिरते आणि पंपाचे स्क्रू ढिले करून, हाताने पंप मारून, ती हवा पूर्ण काढल्याशिवाय इंजिन हुंकार देत नाही. रात्री रस्त्याच्या कडेला हे काम एकदा केलेला ड्रायव्हर पुढे जन्मभर टाकीत काठी घालून बघतो.

दुचाकीवाल्यांचा तोडगा तिसराच. बजाजच्या स्कूटरला आणि त्या काळच्या बहुतेक मोटरसायकलींना काटा नव्हता. होता तो तीन जागांचा कॉक: बंद, चालू आणि रिझर्व्ह. इंजिन आचके देऊ लागले की गाडी रिझर्व्हला लागली, आता पंप गाठायचा. दोन पिढ्यांनी याच हिशेबावर संसाराची ओझी वाहिली. यात बिघडण्यासारखे जवळजवळ काही नव्हते. फक्त पेट्रोल भरल्यावर कॉक पुन्हा 'चालू'वर आणायला विसरले, की पुढच्या वेळी कसलीही पूर्वसूचना मिळत नसे.

सचिनच्या आसपासचे चित्र बदलले ते कापडाच्या धंद्याने. सचिनला औद्योगिक वसाहत उभी राहिली, प्रोसेसिंग मिल आणि यंत्रमाग आले. सुरत-भुसावळ लोहमार्गाने खानदेशातून आलेले कामगार उधना, लिंबायत, पांडेसरा आणि सचिन या पट्ट्यात स्थिरावले. इथल्या वस्त्यांत आजही अहिराणी आणि मराठी रोज कानावर पडते. कापडाचे ताके मिलमधून बाजारात नेणारे टेम्पो, मजूर वाहणाऱ्या जीपगाड्या, मालकांच्या फियाट आणि अँबॅसेडर अशी सरमिसळ जिथे असते, तिथल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला सगळ्या पिढ्यांचे काटे ओळखता यावे लागतात.

आता तपासणीचा क्रम. साठ-सत्तर वर्षांत तो बदललेला नाही आणि त्याचे महत्त्व सर्वांत मोठे, कारण क्रम सोडला की चांगले भाग उघडले जातात आणि उघडताना मोडतात. आधी फ्यूज, आणि त्याच फ्यूजवरची बाकीची उपकरणे चालतात का ते. मग मीटरच्या मागे चावी चालू असताना वीज येते का ते. तिथे वीज असेल तर टाकीकडे जायचे आणि युनिटवरची तार काढायची. जुन्या ब्रिटिश चुंबकी मीटरमध्ये तार काढल्यावर काटा भरलेल्याच्या पलीकडे गेला पाहिजे आणि तार पत्र्याला टेकवल्यावर रिकाम्यावर आला पाहिजे. उष्णतेच्या ब्रिटिश मीटरमध्ये आणि बहुतेक फियाट गाड्यांत नेमके उलटे: तार काढली की रिकामे, टेकवली की भरलेले. अपेक्षेप्रमाणे काटा दोन्ही टोकांना गेला तर मीटर आणि तार निर्दोष. दोष युनिटमध्ये किंवा त्याच्या अर्थमध्ये. काटा हललाच नाही तर हीच कसोटी मीटरपाशी करायची. तिथे हलला तर मधली तार तुटलेली. तिथेही नाही हलला, तरच मीटर काढायचे.

तार सरळ पत्र्याला टेकवण्यापेक्षा मध्ये एक लहान बल्ब धरणे बरे. उष्णतेच्या मीटरची आतली तार फार नाजूक असते. पुरा प्रवाह काही सेकंद गेला तरी ती जळते. बल्ब मध्ये असला की काटा पूर्ण टोकाला जात नाही, पण कोणत्या बाजूला निघाला ते दिसते, आणि कसोटीला तेवढे पुरे.

युनिट दोषी ठरले तरी ते लगेच काढायचे नसते. त्याच्या कडेच्या स्क्रूपासून सांगाड्याच्या घासून चकचकीत केलेल्या जागेपर्यंत एक जादा तार जोडून पाहायची. टाकी रबराच्या पट्ट्यांवर बसवलेली असते, तिला रंगाचे थर चढलेले असतात, बोल्ट गंजतात आणि टाकीला अर्थ मिळेनासा होतो. गाडी नव्याने रंगवून आणली आणि काटा बंद पडला, ही तक्रार जुन्या गाड्यांच्या बाबतीत नेहमीची आहे, आणि तिचे मूळ याच रंगात असते. ही एक तार जोडून काटा जिवंत झाला तर काम तिथेच संपते.

युनिट काढावेच लागले तर आधी बॅटरीची अर्थची तार सोडायची. पेट्रोलने काठोकाठ भरलेल्या टाकीपेक्षा जवळजवळ रिकामी टाकी जास्त धोक्याची, कारण तिच्यात वाफ आणि हवा यांचे पेट घेणारे मिश्रण असते. बल्ब, पक्कड, विडीकाडी सगळे लांब. बाहेर आलेल्या युनिटची दांडी हाताने सावकाश वरखाली करून मल्टिमीटरने अवरोध मोजायचा. तो सलग बदलला पाहिजे, मध्येच उडी मारता कामा नये. उडी मारली तर पत्तीखालची तार तिथे झिजलेली असते. टाकी अर्धी असताना काटा एकदम पडणे आणि थोड्या वेळाने परत वर येणे, या लक्षणाचे कारण हेच.

अलीकडे एक नवे दुखणे यात मिसळले आहे. २०२३पासून देशात वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले आणि आता ते सर्वत्र आहे. सचिनच्या आसपासचा बारडोली-चलथाणचा मुलूख ऊस आणि सहकारी साखर कारखान्यांचा, म्हणून इथे इथेनॉल परके नाही. पण फार जुन्या युनिटमध्ये फ्लोट बुचाचा असतो आणि त्याला लाखेचा लेप दिलेला असतो. लाख इथेनॉलमध्ये विरघळते. लेप गेला की बूच पेट्रोल पिते, जड होते आणि काटा दिवसेंदिवस खाली येतो. त्यावर उपाय लेप पुन्हा देण्याचा नाही. इथेनॉल सोसणाऱ्या साहित्याचा, त्याच आकाराचा आणि त्याच वजनाचा फ्लोट बसवण्याचा आहे. इथेनॉल पाणीही ओढून घेते, त्यामुळे महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत गंज लवकर धरतो आणि तो गंज पत्तीखाली साचतो.

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना केंद्र सरकारने २०२१मध्ये 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नोंदणी क्रमांक देऊ केला. अशी गाडी तिच्या मूळ रूपात असावी लागते. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या पद्मिनी, म्हणजे प्रीमियरच्या फियाटच्याच, टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये निघून गेल्या, तेव्हा फियाटही रोजच्या वापरातून संग्राहकांच्या आवारात गेली. रोज चालणाऱ्या गाडीला नवे मीटर बसवून टाकणे चालून जात असे. मूळ रूप राखायचे म्हटल्यावर जुने मीटर आणि जुने युनिट दुरुस्त करण्याचे, वेढे मोजून तार गुंडाळण्याचे जुने कसब पुन्हा उपयोगी पडू लागले आहे.

दुरुस्त झालेला काटा टाकीत मापून घालूनच खरा ठरतो. गाडी सपाट जागी उभी करायची, टाकी पूर्ण रिकामी करायची आणि पाच-पाच लिटर ओतत प्रत्येक वेळी काट्याची जागा टिपायची. रिकामे आणि भरलेले या दोन टोकांत चूक सारखीच येत असेल तर फ्लोटची दांडी किंचित वाकवून ती सुधारते. मधल्या भागातली चूक तशीच राहते, कारण टाकीचा आकार पेटीसारखा सरळ नसतो. दोहोंत निवड करायची वेळ आली, तर रिकाम्याचे टोक बरोबर ठेवावे आणि भरलेल्याचे थोडे चुकू द्यावे. तळाशी चार-पाच लिटर असतानाच काटा शून्यावर यावा अशी दांडी लावण्याची पद्धत जुन्या कारखान्यांचीही होती, आणि ती तशीच ठेवलेली बरी.